रित्या पोटाचा ढेकर

"अय्या, आता भूक लागली तर चालेल का?"

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला अय्या म्हणतात, म्हणजे प्रश्न मलाच होता, आणि तो माझ्या कमरेच्या उंचीवरून आला. मी मांडवाच्या खांबाला टेकून मंत्र्यांच्या भाषणाचे कागद वाऱ्यावर उडू नयेत म्हणून पोटाशी धरून उभा होतो. खाली पाहिलं तर पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली एक मुलगी. वेण्यांना लाल फिती, कानशिलावरून ओघळणारं तेल, मांडीवर पालथी ठेवलेली स्टीलची थाळी. नाव विचारलं तर म्हणाली, सेल्लक्किळी. म्हणजे लाडाची पोपटीण. लाड कुठे दिसत नव्हते, पण चोच होती.

"चालेल का म्हणजे? भूक काय परवानगीनं लागते?"

"एस्थर टीचर म्हणाल्या, मंत्री येईपर्यंत धरून ठेवा."

"काय धरून ठेवा?"

"सगळंच," ती म्हणाली. "मी भूक काल रात्रीपासून धरलीय. सुटेल असं वाटतंय."

"काल रात्रीपासून कशाला?"

माझ्याकडे तिनं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. मग लाउडस्पीकरवाल्या रिक्षातला माणूस जसे हेल काढतो तसे हेल काढून म्हणाली, "रितं पोट घेऊन या, भरलं पोट घेऊन जा! ऐकलं नाहीत तुम्ही? तीन दिवस गल्लीत फिरत होती रिक्षा. आई म्हणाली, सरकारनं सांगितलंय, रितं म्हणजे रितंच पाहिजे. भाताचं मडकं झाकून वर ठेवून दिलं तिनं."

मी ऐकलं नव्हतं असं कसं म्हणू? ते वाक्य माझंच होतं.

आमच्या मुलखात यमकाशिवाय काही होत नाही. माणूस मेला तर त्याच्या फलकावर यमक, बारसं झालं तर यमक, गटाराचं झाकण बसवलं तर त्याच्या उद्घाटनालाही दोन ओळी लागतात आणि त्या दोन्ही ओळी एकाच अक्षरानं सुरू झाल्या तर आमदाराला गहिवरून येतं. अशा ओळी पाडायच्या खात्यात मी उभी हयात काढली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण नव्या पोरांना यमक जमेना, म्हणून खात्यातले जॉइंट डायरेक्टर कुट्रालिंगम दर दोन महिन्यांनी घरी येतात, माझ्या बायकोच्या हातची कॉफी पितात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि जाताना म्हणतात, "मासिलामणि अय्या, एवढं एक लिहून द्या. भुकेवर आहे. जरा चुरचुरीत पाहिजे." या खेपेला शाळेतल्या सकाळच्या नाष्ट्याला सरकारनं निधी वाढवला होता. आता प्रत्येक पोराला पहिल्या तासाआधी गरम पोंगल, म्हणजे तूप-मिरीचा मूगडाळ घातलेला मऊ भात, मिळणार होता. ही गोष्ट चांगली होती. इतकी चांगली होती की तिला माझ्या ओळींची काही गरज नव्हती. भात शिजवायचा आणि वाढायचा, यात यमक कुठे येतं? पण कुट्रालिंगमना ज्या गोष्टीचा समारंभ होत नाही ती गोष्ट झालीच असं वाटत नाही. त्यांच्या लग्नातसुद्धा त्यांनी मंगळसूत्र दोनदा बांधलं म्हणतात, पहिल्यांदा फोटोवाल्याचं लक्ष नव्हतं.

तर मी आरामखुर्चीत बसून, दोन डोसे खाऊन, भुकेवर चुरचुरीत ओळ पाडली. रितं पोट, भरलं पोट. मला वाटलं होतं, ऐकणारा म्हणेल, वा. ऐकणाऱ्यानं मडकं झाकून ठेवलं. बंदरामागच्या या वस्तीत बाया पहाटे मासळीच्या लिलावाला जातात, आणि जाण्याआधी पोरांना रात्रीचा पाण्यात भिजलेला भात, त्यात मीठ, बाजूला चेचलेला छोटा कांदा नि सुकटीचा तुकडा देऊन जातात. थंडगार, आंबूस, पोटाला धरून राहणारा भात. या मुलीला तो रोज मिळत होता. काल रात्रीपर्यंत ती उपाशी नव्हती. तिची भूक सरकारनं निधी वाढवून आणि मी यमक लावून नव्यानं तयार केली होती, आणि आता ती भागवायला मंत्री निघाले होते.

"थोडी लागू दे," मी म्हणालो. "थोडीच."

"थोडी कशी लागू द्यायची?" सेल्लक्किळीनं विचारलं. मी कागद चाळू लागलो. कागद चाळणाऱ्या माणसाला लहान मुलंही दुसरा प्रश्न विचारत नाहीत, हे सरकारी नोकरीतलं माझं एकमेव संशोधन.

मंत्री निघाले होते, पण पोचत नव्हते. स्टेजच्या डाव्या हाताला पोंगलची मोठाली डबेवजा भांडी मांडून ठेवली होती. झाकणाच्या फटीतून मिरी, जिरं आणि तुपाचा वास येत होता आणि मुलांच्या रांगांवरून हात फिरवत जात होता. वास आला की सगळ्या रांगा एकदम त्या बाजूला कलायच्या, वारा फिरला की सरळ व्हायच्या. कोणी रडत नव्हतं. मला त्याचाच राग आला. शंभर-दोनशे पोरं उपाशी बसलीत आणि एकसुद्धा भोकाड पसरत नाही, ही शिस्त नव्हे, हा अपमान आहे, पण कोणाचा ते ठरवता येईना. मुख्याध्यापिका एस्थर टीचर रांगांतून फिरत होत्या. पुढल्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या आणि निवृत्तीच्या उंबऱ्यावरचा माणूस जसा काचेच्या भांड्यासारखा स्वतःला सांभाळून चालतो तशा चालत होत्या. त्या कुट्रालिंगमपाशी गेल्या.

"सार, निदान पहिली-दुसरीच्या पोरांना वाढू का? लहान आहेत हो."

"टीचर, झाकण उघडणं हाच कार्यक्रम आहे," कुट्रालिंगम म्हणाले. "झाकण आधीच उघडलं तर मंत्री येऊन काय उघडणार? माझं डोकं?"

"पोंगल थिजतोय."

"थिजू द्या. फोटोत वाफ दिसली पाहिजे म्हणून मी वेगळी सोय केलीय." आणि खरोखरच भांड्यामागे एक माणूस पाणी तापवायची किटली घेऊन उभा होता. मी आयुष्यात पुष्कळ अधिकारी पाहिले. काही पैसे खाणारे, काही नुसतेच निजणारे. पैसे खाणाऱ्याला निदान भूक काय असते ते कळतं. कुट्रालिंगम एक पै खात नाहीत. त्यांचा प्रामाणिकपणा इतका निर्मळ आहे की त्यात काही उगवत नाही.

वास पुन्हा आला आणि माझं स्वतःचं पोट गुरगुरलं. सकाळी मीही घाईत नुसती कॉफी पिऊन निघालो होतो. म्हाताऱ्या पोटाची गुरगुर म्हणजे जुन्या ओळखीच्या माणसानं मागून हाक मारल्यासारखी. आणि हाक आली ती थेट आमच्या विळात्तिकुळम गावच्या काळ्या रानातून आली, जिथे पाऊस वर्षाआड पडतो आणि लोक भेटल्यावर एकमेकांना एकच विचारतात, "जेवलात का?" साऱ्या मुलखातच हे असं आहे. कसं काय नाही, बरं आहे का नाही. जेवलात का? आणि याचं उत्तरही एकच. जेवलो. मरायला टेकलेला माणूससुद्धा कुशीवर वळून सांगतो, जेवलो, तुम्ही? विचारणाऱ्याला खरं उत्तर नको असतं आणि देणाऱ्याला ते परवडत नसतं. माझ्या आईनं यात एक पायरी पुढे टाकली होती. वडील सिलोनच्या मळ्यात गेले ते तिकडचेच झाले. आईला शेजारच्या घरी ताक मागायला जावं लागे, आणि बरोबर मी. आत शिरण्याआधी दाराशी ती मला थांबवायची, माझी हनुवटी वर करायची नि म्हणायची, "काढ." मग मी ढेकर काढायचो. रित्या पोटाचा. ते काम सोपं नाही. हवा गिळायची, छातीत धरायची, खांदे जरा सैल सोडायचे आणि मग अशी बाहेर सोडायची की जणू आत भात, आमटी, ताक असं थरावर थर रचलेलं आहे. "फार जोरानं नाही," आई म्हणायची. "जोरानं देतात ते भुकेले असतात. भरल्या पोटाचा ढेकर आळशी असतो." मी आळशी ढेकर शिकलो. शेजारीण म्हणायची, "पोरगं जेवून आलंय वाटतं," आणि आई अभिमानानं मान हलवायची. मग शेजारीण काही खायला देऊ करायची नाही. पोटाला मिळणार असलेला घास आम्ही रोज असा आमच्याच कसबानं घालवत होतो, आणि घरी येताना आई खूश असायची. मला तेव्हा आईचा राग यायचा. आता येत नाही. आता मला फक्त त्या शेजारणीचा येतो, जी एवढी वर्षं ऐकून घेत राहिली. तिला कळलं नसेल? कळलं असणारच, तिनं मुद्दाम तसं दाखवलं नसेल.

शाळेतल्या उप्पुम्यानं मला वाचवलं. अमेरिकेहून गोण्यांतून आलेलं मक्याचं पिवळं पीठ, त्याचा गिचका, चव पुठ्ठ्याची. वाढणारी आया मोठा डाव घेऊन यायची आणि थाळीत धप्पकन टाकायची. ती कोणाला जेवलास का म्हणून विचारायची नाही. तिच्या त्या न विचारण्याइतकं सुसंस्कृत मी नंतर काही पाहिलं नाही. थाळी दिसली की डाव पडायचा. ना मंत्री, ना माळा, ना फोटो. तिचं तोंड सदा आंबलेलं असे, आणि तिच्यामुळे मी अक्षर शिकलो, आणि अक्षर शिकल्यामुळे रितं पोट नि भरलं पोट यांचं यमक लावू शकलो. एवढा लांबचा फेरा घेऊन तो उप्पुमा या मुलीच्या ताटाच्या आड आला होता.

"पुन्हा एकदा!" कुट्रालिंगम ओरडले. "शेवटचं!"

स्टेजवर रंगीत तालीम चालली होती. आमच्याकडे मोठ्या माणसानं पहिला घास स्वतःच्या हातानं लेकराला भरवायचा, असा रिवाज पडून गेला आहे. त्याशिवाय कुठली योजना सुरू झाल्यासारखी वाटत नाही. घास भरवून घेण्यासाठी मूल पाहिजे, आणि शाळेतली मुलं कुट्रालिंगमना पसंत पडली नव्हती. एक फार काळी, एकीचे दात पडलेले, एकाचं नाक सतत वाहतं. म्हणून नगरसेवक दुरैसिंगम यांची मुलगी तनिष्का आणवली होती. ती इंग्रजी शाळेत जाते. गुबगुबीत, गोरी, कॅमेऱ्याला न बुजणारी. तिला महापालिकेच्या शाळेचा गणवेश घातला होता, तो अंगाला बसेना म्हणून मागून सेफ्टी पिनांनी जोडावा लागला. मंत्र्यांच्या जागी स्वतः कुट्रालिंगम उभे राहत होते, घरून डब्यात आणलेला केसरी, म्हणजे केशरी शिरा, बोटांनी उचलत होते आणि तनिष्काच्या तोंडात घालत होते. फोटोवाला म्हणे, हात मध्ये येतोय. पुन्हा. मग म्हणे, पोरीनं डोळे मिटले. पुन्हा. मग नगरसेवक म्हणाले, "तिची डावी बाजू चांगली दिसते." पुन्हा. सगळी शाळा उपाशी बसून एका मुलीचं खाणं बघत होती. तनिष्का पहिल्यांदा हसून, मग नुसतीच, मग गाल फुगवून खात होती.

"ती किती वेळा जेवते?" सेल्लक्किळीनं हळूच विचारलं.

"ती जेवत नाही. ती सराव करतेय."

"मलाही येतो सराव," ती म्हणाली.

शेवटी गाड्या आल्या. मंत्री उतरले. बिचारे वयस्क गृहस्थ, सकाळपासून दोन ठिकाणी नारळ फोडून आलेले, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यांना शाल घातली, मग दुसरी शाल घातली, मग पहिली काढून तिसरी घातली. त्यांनी माझं भाषण वाचलं. भूक ही काळरात्र, पोंगल ही पहाट, असं काहीतरी त्यात होतं. टाळ्या पडल्या. मुलांनीही वाजवल्या, थाळ्या मांडीवर ठेवून. मला माझं वाक्यन् वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना नेहमी वाटतं की हा माणूस माझा दात कोरतोय. मग झाकण उघडलं, किटलीवाल्यानं वाफ सोडली, आणि मंत्र्यांनी पोंगलचा घास उचलून तनिष्काच्या तोंडासमोर धरला.

तनिष्कानं तोंड मिटून घेतलं.

"आ कर, कण्णा," मंत्री म्हणाले.

तिनं मान हलवली. केसरी तिच्या गळ्याशी आला होता हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "आ कर, बंगारू," नगरसेवक दात दाबून म्हणाले. "घरी गेल्यावर बघतो तुला." कुट्रालिंगम दोन्ही हात जोडून त्या मुलीसमोर वाकले. कॅमेरे खाड्खाड् वाजत होते. घास हवेत. तूप मंत्र्यांच्या मनगटावरून कोपराकडे निघालं. खाली शंभरांवर तोंडं आपोआप उघडली होती, अगदी पहिल्या रांगेत, हाताच्या अंतरावर, नाक वाहणाऱ्या पोराचं, दात पडलेल्या पोरीचं. कुठल्याही तोंडात घास गेला असता. मंत्र्यांनी खाली पाहिलंच नाही. ते कॅमेऱ्याकडे पाहत होते, आणि तूप आता सदऱ्याच्या बाहीत शिरत होतं, आणि शेवटी कुठलाही अडकलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. घास स्वतःच्या तोंडात टाकला.

मग कुट्रालिंगम कडाडून टाळ्या वाजवू लागले, आणि सगळ्यांनी वाजवल्या. मंत्र्यांनी सावकाश चावलं. चव बरी लागली असावी. सकाळपासून तेही उपाशीच असणार. गिळून झाल्यावर ते मोकळे झाले, माइककडे वाकले, आणि त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं असेल तसं, आम्हा सगळ्यांना शिकवलंय तसं, प्रेमानं विचारलं,

"काय मुलांनो, जेवलात का?"

मला कळलं पुढे काय होणार ते. मी हात वर केला, काहीतरी म्हणणार होतो, पण हातात मंत्र्यांकडून परत आलेले भाषणाचे कागद होते आणि लोकांना वाटलं मी घोषणा देतोय.

"जेवलो, अय्याऽऽ!" सगळी शाळा एका सुरात म्हणाली.

कोणी पढवलं नव्हतं. पढवायची गरज नव्हती. आणि त्या गजराच्या शेवटी, जरा मागाहून, पहिल्या रांगेतून एक ढेकर आला. फार जोराचा नाही. आळशी. खांदे सैल सोडून दिलेला. सेल्लक्किळी माझ्याकडे बघून हसत होती. मलाही येतो सराव, असं म्हणाली होतीच ती.

"वाः वाः!" मंत्री खदखदून हसले. "हीच खरी पावती!" आणि गळ्यातली एक शाल काढून त्यांनी तिच्या अंगावर टाकली आणि गाडीत बसले.

धूळ खाली बसायच्या आत भांड्यांची झाकणं पुन्हा लागली. एस्थर टीचर धावत आल्या.

"सार, अहो झाकणं का लावताय? मुलांना वाढायचंय."

"टीचर, पुढच्या शाळेच्या पोंगलची गाडी रेल्वे फाटकात अडकलीय. मंत्री तिकडेच निघालेत. हीच भांडी आडवाटेनं पुढे पोचवायची. उचला रे."

"आणि इथली मुलं?"

"इथली जेवली ना."

"कुठे जेवली, सार? तुम्ही इथेच उभे होतात!"

"मी उभा होतो, पण मंत्र्यांना मुलांनीच सांगितलं. माइकवर. पत्रकार अजून शाळेच्या दाराशी आहेत. आता वाढताना दिसलो तर मंत्री खोटे पडतात आणि मुलंही खोटी पडतात. लहान मुलांना खोटं ठरवायचं का?" असं म्हणताना कुट्रालिंगमांचा आवाज खरोखर भरून आला. "उद्या वाढा ना. उद्यापासून रोजच आहे."

एस्थर टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एका शब्दाचा माणूस असतो तर तो शब्द तेव्हा बोललो असतो. मी यमकाचा माणूस, मला दोन लागतात. टीचरांनी गळ्यातला क्रूस पदराआड सारला, घंटा वाजवायला सांगितली आणि वर्गांकडे वळल्या.

पाहुण्यांसाठी वरच्या मजल्यावर केळीची पानं मांडली होती. पोंगल, वडे, पांढऱ्याशुभ्र इडल्या, तीन चटण्या. तनिष्काला बाजूच्या खोलीत ओकारी होत होती आणि नगरसेवक तिच्या पाठीवर हात फिरवत होते. कुट्रालिंगम म्हणाले, "अय्या, बसा, काय ओळ लिहिलीत! सगळ्या वस्तीनं ऐकली." मी पानावर बसलो. इडली तोडली. बोटांना तिची ऊब लागली आणि तोंडात पुठ्ठ्याची चव आली. मी उठलो. एक अख्खी इडली पानाच्या तुकड्यात गुंडाळली. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला घरी न्यायचीय. म्हाताऱ्यांबद्दल लोकांना असलं काहीही पटकन पटतं.

खाली नळापाशी मुलं ओळीनं थाळ्या धूत होती. नाष्ट्यानंतर थाळ्या धुवायच्या, असं वेळापत्रकात होतं. कोऱ्या, चकचकीत थाळ्या, राखेनं घासून, दोनदा पाणी ओतून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सेल्लक्किळी शेवटी होती. अंगावरची शाल ओली होऊ नये म्हणून तिनं डोक्याला गुंडाळली होती. थाळीत पाणी भरून ती घटाघट प्याली आणि वर पाहिलं तर मी.

मला काय म्हणायचं होतं ते मी जिन्यात ठरवून आलो होतो. हे घे. इतकंच. उप्पुमा वाढणाऱ्या त्या आयेसारखं, धप्पकन. पण तोंड इतक्या वर्षांचं, त्याला आपली सवय.

"जेवलीस का, पोरी?" मी म्हणालो.

म्हणालो आणि जीभ चावली.

"जेवले, अय्या," ती म्हणाली. "तुम्ही?"

मी पान उघडून इडली पुढे केली. तिनं इडलीकडे पाहिलं. नीट पाहिलं, कडेपासून मध्यापर्यंत. मग हनुवटी वर केली, जराशी हवा गिळली, खांदे सैल सोडले.

ढेकर उत्तम होता. आईला आवडला असता. माझ्या हातातली इडली अजून गरम होती.